अकरा आजोबांचा घाणा

बिस्त्रा गुर्कोवाचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. उन्हाळा असो की गुडघाभर बर्फ. उठून सासूची कॉफी झाकून ठेवायची, मुलीचा डबा भरायचा, चढण उतरायची, पूल ओलांडायचा आणि साडेपाचला छापखान्याचं मागचं दार उघडायचं. दार अडकायचं. ती खांद्याने ढकलायची. मी आतून ओढू शकलो असतो, पण ती म्हणायची, "राहू द्या गांचोदादा, याने माझी झोप उडते."

इतक्या लवकर येण्याचं कारण मेलेली माणसं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं पत्रक छापतात. फोटो, नाव, दोन ओळी. ते घराच्या फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, झाडाला लावतात. चाळीस दिवसांनी नवीन पत्रक, सहा महिन्यांनी नवीन, वर्षाने नवीन, आणि पुढे दरवर्षी, घरच्यांचा दम टिकेल तोवर. एकदा मेलेला माणूस छापखान्याचं कायमचं गिऱ्हाईक होतो. लोक कामावर निघण्याआधी पत्रकं खांबावर हवीत. म्हणून साडेपाच.

मी तिथे एकतीस वर्षं कटर, घडी आणि टाचणीचं मशीन चालवलं. त्यातली चौदा वर्षं बिस्त्रा समोरच्या टेबलावर होती. आधी ती शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर लावायची, दिवसाला दोनशे ऐंशी. कारखाना बंद पडला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आमचा मालक ओव्चारोव याने तिला घेतलं, कारण तिला सरळ रेष दिसायची. भिंतीवरचं कॅलेंडर काडीभर तिरकं असलं तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. कॉम्प्युटर ती नंतर शिकली.

तिचं काम फोटोंचं. लोक फोटो आणतात ते कसेही असतात. लग्नाच्या घोळक्यातून कापलेले, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात. बनियनवर, मांडीवर कलिंगड. एकाचा गाढवाबरोबर होता. त्याची बायको म्हणाली, "गाढव काढ, पण हसू ठेव. ते गाढवामुळेच आलंय." बिस्त्रा हात काढायची, कलिंगड काढायची, बनियनवर कोट चढवायची. कॉम्प्युटरमध्ये तिच्याकडे चार कोट आणि सहा टाय होते. गावातल्या कितीतरी माणसांना आयुष्यातला पहिला टाय मेल्यावर तिने घातला. काम करताना ती त्यांच्याशी बोलायची. "जरा मान वर करा, आजोबा. हं. आता आलात माणसांत."

पूर्वी प्रत्येक फोटो हाताने बसवावा लागे. फाइल उघड, फोटो आण, माप दे, सरळ कर, नाव टाक, छापण्याजोगी पीडीएफ काढ. चौदा वेळा बटण, अडीच मिनिटं. शंभर फोटो म्हणजे चार तास दहा मिनिटं, तेही मध्ये पाणी न पिता. मग मालकाने नवी सोय आणली. एका बाजूला नावांची यादी, दुसऱ्या बाजूला फोटोंचा फोल्डर, मध्ये तयार साचा. बटण एकदाच दाबायचं. कॉम्प्युटर यादीतलं नाव वाचतो, त्या नावाचा फोटो शोधतो, साच्यात बसवतो, फाइल बाहेर टाकतो आणि पुढचं नाव घेतो. शंभर फोटो अकरा मिनिटांत.

बिस्त्रा याला घाणा म्हणायची. तिची सासू रविवारी मेकित्सा तळते, पिठाच्या फुगलेल्या चकत्या, एका वेळी आठ. तसा घाणा.

"एक घाणा लावते, गांचोदादा. तोवर कॉफी?"

"याला काय काम म्हणायचं?" मी एकदा म्हणालो.

"मग कशाला म्हणायचं?"

"घाम येतो त्याला."

"बरं. शंभर तोंडं सरळ कोणी केली? प्रत्येकाला नाव कोणी दिलं? एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तो फोटो सापडत नाही. घाणा अकरा मिनिटांत निघतो हो. पीठ मळायला चार दिवस लागतात."

मी कॉफी करायला उठलो. मी तिला नऊ-नऊ तास पीठ मळताना पाहिलं होतं.

सांगायचंय ते त्या वर्षाच्या मे महिन्याचं, ज्या वर्षी तिची मुलगी कालिना बारावी झाली.

मे अखेरीस आमच्याकडे बारावी संपवलेली मुलं समारंभाला जातात. तो एक दिवस गाव शुद्धीवर नसतं. दुपारपासून प्रत्येकाच्या घरी पाहुणे, जेवण, अंगणात बँड आणि नाच. मग सजलेलं मूल दारातून बाहेर पडतं आणि आई त्याच्या पायापुढे तांब्याच्या भांड्यातून पाणी ओतते, पुढचं सगळं पाण्यासारखं वाहतं व्हावं म्हणून. त्यानंतर गाड्या, भोंगे, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून एक ते बारा आकडे ओरडणं, घसा बसेपर्यंत.

कालिना सहाला निघणार होती. बिस्त्राचा नवरा इटलीत ट्रक चालवायचा, त्याला रजा मिळाली नव्हती. पाणी ओतायला बिस्त्रा एकटीच. म्हणून तिने त्या शुक्रवारची दुपार महिनाभर आधी मागून घेतली होती आणि बदल्यात शाळेच्या पुस्तिकांचं सगळं काम एकटीने अंगावर घेतलं होतं. शहाऐंशी मुलं. प्रत्येकाची वेगळी पुस्तिका, मुखपृष्ठावर त्याचा स्वतःचा मोठा फोटो, आतली पानं सगळ्यांची सारखी. घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटायला प्रत्येकी पंचवीस प्रती. एकूण दोन हजार एकशे पन्नास पुस्तिका, चार हजार तीनशे टाचण्या. टाचण्या मी मारल्या. गठ्ठे तपकिरी कागदात बांधले, वर नाव लिहिलं. शुक्रवारी सकाळी शाळेने ते घरोघर दिले.

दुपारी एकला बिस्त्राने कामाचा झगा काढला. केस बांधले. टेलिफोन वाजला. तिने सवयीने उचलला आणि स्पीकर चालू केला, कारण हातात पिना होत्या. म्हणून मलाही ऐकू आलं.

"बिस्त्रा का? मी गिना काराजोवा."

"अभिनंदन, गिना! डोब्री निघतोय ना आज?"

"निघतोय. बिस्त्रा, पुस्तिकेवर त्याला मिशा आहेत."

"हल्ली मुलं ठेवतात गं."

"पांढऱ्या आहेत!"

बिस्त्राने तोंडातली पिन काढली.

"आणि तो मेलाय!" गिना ओरडली. "माझा सासरा आहे तो! टाय घालून बसलाय! पाहुणे यायला लागलेत!"

बिस्त्रा खाली बसली. मग कॉम्प्युटरवर गेली. मी मागे उभा राहिलो. तिने छापलेल्या फाइली एकामागून एक उघडल्या. मुलगी, मुलगी, मुलगा, मुलगी, आणि मग डोब्री मिंचेव काराजोव, जन्म एकोणीसशे बत्तीस. पुढे पाच मुलं, मग आणखी एक म्हातारा. त्याला मी ओळखत होतो. आमच्याच गल्लीत सुतारकाम करायचा.

चूक अशी झाली होती. चार मुलांचे फोटो उशिरा आले आणि ते तिने बाहेरच्या, मोठ्या फोल्डरमध्ये टाकले. म्हणून घाणा लावताना तिने कॉम्प्युटरला सांगितलं, आतले सगळे फोल्डर शोध. आत चौदा वर्षांचे मेलेले होते. आणि आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मधलं नाव बापाचं. आजोबा डोब्री मिंचेव, त्यांचा मुलगा मिंचो डोब्रेव, त्याचा मुलगा परत डोब्री मिंचेव. आडनाव तर घराचंच. तिन्ही शब्द तेच. कॉम्प्युटरला जो आधी सापडला तो त्याने घेतला, आणि आधी आलेले अर्थात आजोबा होते. मुलींचं वाचलं. मुलीला आजीचं नाव मिळतं, पण आजीचा बाप वेगळा.

तिने तपासलंच नव्हतं असं नाही. पहिले दहा आणि शेवटचे दहा बघायचे, हा छापखान्याचा नियम. त्या वीसांत सगळे तरुण होते. मधल्या सहासष्टांत अकरा आजोबा बसले होते. आणि माझ्या हाताखालून त्या प्रत्येकाच्या पंचवीस प्रती गेल्या होत्या. मी टाचणी बघत होतो. टाचणी सरळ होती.

"किती?" मालक दारात येऊन उभा राहिला.

"अकरा," बिस्त्रा म्हणाली, आणि तिला हसू आलं. तिने ओठ चावले, तरी ते नाकातून आलं. "माफ करा, ओव्चारोव साहेब. एकाने माझा निळा टाय घातलाय. पुतण्याच्या लग्नातसुद्धा तो टाय लावून आला नव्हता."

मालक हसला नाही. "अकरा घरं. सगळं नीट कर आणि मग जा. एकही आजोबा राहायला नको."

"सहाला मला पाणी ओतायचंय."

"मग लवकर लाग कामाला."

पुस्तिका उसवून पुन्हा टाचायला दिवस गेला असता. मी सांगितलं, नवं मुखपृष्ठ तीन मिलिमीटर जास्त रुंद छाप. जुन्यावर चढवू आणि मधोमध एकच टाचणी मारू. बिस्त्राने झगा परत चढवला आणि या वेळी अकरा फोटो हाताने बसवले. चौदा बटणं, अकरा वेळा. घाणा नको म्हणाली. दोनशे पंच्याहत्तर मुखपृष्ठं छापली, मी कापली, घडीची रेघ मारली. दोन चाळीसला आम्ही छापखान्याच्या गाडीत बसलो. लांब मानेचे दोन स्टेपलर बरोबर. निघताना मालकाने तिच्या हातात पगाराचं पाकीट दिलं, कारण पंचवीस तारीख शनिवारी येत होती.

मी हिशेब केला होता. घरटी पाच मिनिटं, वाटेत दहा. पाच पंचवीसला काम संपतं. सहाला ती दारात.

या हिशेबात मी रकिया, म्हणजे घरोघर गाळतात ती फळांची दारू, धरली नव्हती.

पहिलं घर गिनाचं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभे राहून टाचत होतो, सहा मिनिटांत पंचवीस झाल्या. गिनाने दोन पेले पुढे केले, जर्दाळूची.

"आम्ही कामावर आहोत," बिस्त्रा म्हणाली.

"माझ्या मुलाचा आज समारंभ आणि तू कोरड्या तोंडाने जाणार? त्याला मिशा लावल्यास त्या लावल्यास, आता नजरही लावतेस?"

बिस्त्राने पेला घेतला. दुसरा माझ्याकडे आला. मी गाडीची किल्ली दाखवली. दुसराही बिस्त्राने घेतला. एरवी ती वर्षाला एक पेला घ्यायची, नाताळला.

दुसऱ्या घरात आलुबुखाराची. तिसऱ्यात त्या घरच्या काकांनी स्वतः गाळलेली, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

चौथ्या घरात आजी होती. झ्लाता आजी खुर्चीत बसली होती, पंचवीस पुस्तिका पदरासारख्या एप्रनमध्ये घट्ट धरून.

"देणार नाही."

"आजी, द्या हो. वरून नातवाचा फोटो लावते."

"आठ वर्षांनी माझा माणूस घरी आलाय. तोही दाढी करून. आणि तू त्याच्यावर झाकण घालणार?"

"झाकण नाही. वर नातू, खाली आजोबा. उचकटून बघितलं की दिसतात. दोघंही समारंभाला."

आजीने विचार केला. "खाली?"

"खाली."

"घरात सगळ्यांच्या वर तोच असायचा. आवाजसुद्धा त्याचाच वर." तिने एप्रन सोडला. "लाव. जरा खाली बसू दे त्याला. पण एक तशीच ठेव, मला."

एक तशीच ठेवली. तिथे वीस मिनिटं गेली आणि बानित्साचे, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचे, दोन तुकडे.

सातव्या घरात वेगळंच. तिथे कुणाला काही कळलंच नव्हतं. दारातच यजमान म्हणाला, "काय सुंदर फोटो काढलाय हो! जुन्या काळासारखा!"

"तो तुमचा मुलगा नाहीये," बिस्त्रा म्हणाली. एव्हाना ती भिंतीला टेकून बोलत होती.

"मग कोण?"

"तुमचे वडील."

त्याने पुस्तिका लांब धरली, जवळ धरली. बायकोला हाक मारली. मुलाला बोलावून फोटोशेजारी उभं केलं. कान तसेच, हनुवटी तशीच, एक भुवई वर. पाहुण्यांत दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, "हाच राहू द्या. मी इतका चांगला कधीच दिसत नाही." निम्म्या प्रती त्याने तशाच ठेवून घेतल्या. पाच वाजायला आले होते.

"गांचोदादा, सहाला पोचतो ना?"

"पोचतो."

"खरं सांगा."

"चार घरं राहिलीत. कमी पी."

"मी पीत नाहीये. मला पाजतायत!"

नवव्या घरी अंगणात होरो चालू होता. पंचवीस-तीस माणसं हात धरून गोल फिरत होती आणि पुस्तिका घराच्या आजीने कुठेतरी ठेवल्या होत्या आणि आजी नाचत होती. नाच थांबेपर्यंत ती रांग सोडणार नव्हती. बिस्त्राने रांग तोडली, आजीचा हात धरला आणि नाचता नाचताच विचारलं, "कुठे ठेवल्यात?"

"काय?"

"पुस्तिका!"

"अगं, पाऊल बघ! उजवं!"

तीन वेढे झाले. बिस्त्राच्या दुसऱ्या हातात स्टेपलर होता, तो पलीकडच्या माणसाने हात समजून धरला होता. चौथ्या वेढ्याला आजीने सांगितलं, फ्रीजवर. मी फ्रीजवरून काढल्या आणि एकट्याने टाचल्या. पंचवीसला आठ मिनिटं. दहावं घर शेजारीच होतं, ते लवकर आटोपलं.

अकरावं घर बाजारचौकाच्या मागे. आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच होऊन दहा मिनिटं. अंगणात बँड, दोन ट्रंपेट, एक क्लॅरिनेट, ट्यूबा आणि ढोल. टेबलाशी एक म्हातारा बसून पुस्तिकांवर सह्या करत होता. समोर पाहुण्यांची रांग.

बिस्त्रा थांबली. तिने मुखपृष्ठाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि माझा दंड पकडला. "गांचोदादा, मला तो दिसतोय. तुम्हाला दिसतोय?"

"दिसतोय."

"तो मेलेला आहे ना?"

"त्याला काय विचारतेस? मी जिवंत आहे!" म्हातारा म्हणाला. त्रिफोन बोझ्कोव, वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःचं पत्रक आधीच करून घेतलं होतं. फोटो, टाय, मजकूर, तारखेची जागा कोरी. मागाहून पोरं कंजूषपणा करतील म्हणून. "हा फोटो मी मेल्यावर लोक बघणार होते. मला काय उपयोग? आता बघ, सगळे मला विचारतायत, आजोबा, कुठली शाळा!"

"मी वरून नातवाचा लावते, आजोबा."

"एकही नाही लावायचा! नातवाला पुढे खूप फोटो आहेत."

नातू शेजारी हसत उभा होता. त्याची हरकत नव्हती. बिस्त्राने पंचवीस मुखपृष्ठं आईच्या हातात दिली, मर्जी तुमची म्हणाली, आणि वळली. काम संपलं होतं. घड्याळात पाच अठ्ठेचाळीस.

गाडी गल्लीच्या तोंडाशी नेली आणि तिथेच उभी राहिली. चौकापासून पुलापर्यंत गाड्या. प्रत्येक खिडकीतून एक पोर बाहेर. एक! दोन! तीन! नदीवर पूल एकच. बिस्त्राचं घर पलीकडे, चढणीच्या माथ्यावर. तीन मिनिटांत आम्ही एक गाडीभर पुढे सरकलो. पायी जावं तर फुटपाथवरही माणसांची भिंत, आणि ती भिंत नाचत होती.

तिने कालिनाला फोन लावला. "मी येतेय. निघू नकोस."

"आई, सगळे चौकात जमतायत. साडेसहाला वर्गाचा फोटो आहे."

"किती थांबशील?"

"सव्वासहा. आई, तू प्यायलीयेस?"

"कामावर होते!"

तिने फोन ठेवला. पहिल्यांदाच तिचं हसू गेलेलं मी पाहिलं. पहाटेपासून उभी होती. हाताच्या अंगठ्याला स्टेपलरने फोड आला होता. ती म्हणाली, "चार दिवस पीठ मळलं, गांचोदादा. चार दिवस. आणि आजच मी तिथे नाही."

मागून काच वाजली. त्रिफोन आजोबा, हातात काठी, मागे निम्मे नातेवाईक. "पुलावर जायचंय? गाडीतून? आज?" तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षं या गावात आहे. आजच्या दिवशी इथे रुग्णवाहिकेला रस्ता मिळत नाही. बँडला मिळतो."

बिस्त्रा गाडीतून उतरली ती सरळ परत त्रिफोन आजोबांच्या अंगणात. ट्रंपेटवाला आलिपी घाम पुसत होता.

"पुलापलीकडे, टेकडीवर. आत्ता. किती?"

"सातला आम्हाला दुसरीकडे वाजवायचंय, ताई."

"सहा दहाला पोचायचं, मग तू मोकळा. किती?"

"तीनशे."

"चल."

"टेकडीवर म्हणालीस? चढण आहे. ट्यूबावाल्याला दमा आहे. पाचशे."

"दमा आहे तर ट्यूबा कशाला वाजवतो?"

"ढोल वाजवला तर बायको ओरडते."

बिस्त्राने झग्याच्या खिशातून पाकीट काढलं. "पाचशे चाळीस लेव्ह आहेत. सगळे घे. पण थांबायचं नाही. रकियासाठी नाही, नाचासाठी नाही, तुझ्या सख्ख्या मावशीसाठी नाही."

आलिपीने पाकीट बघितलं, तिला बघितलं, आणि ट्रंपेट वर केला.

गाडी मी होती तिथे सोडली, किल्लीसकट. आम्ही निघालो. पुढे आलिपी, मग बिस्त्रा, कामाचा झगा, केस सुटलेले, हातात अजून स्टेपलर. मग बाकीचे वाजवणारे. मी शेवटी. पहिल्या गाडीने भोंगा दिला आणि बाजूला झाली. दुसरीने रस्ता दिला. आमच्याकडे बँडच्या पुढे कोणी उभं राहत नाही. राहिलं तर नाचावं लागतं. पोरं खिडक्यांतून ढोलाच्या तालावर मोजायला लागली. सात! आठ! नऊ! पुलावर पोलिस हात वर करून गाड्या अडवत होता. बँड दिसल्यावर त्याने तोच हात टोपीला लावला. एका बाईने बिस्त्राच्या झग्यात लायलॅकचं फूल खोचलं आणि विचारलं, "कुणाचं लग्न?" बिस्त्रा ओरडली, "कुणाचंच नाही! पाणी ओतायचंय!" बाईला ते पुरेसं वाटलं. ती पण मागे आली.

पुलानंतर चढण. चौकापासून तिच्या दारापर्यंत एक किलोमीटर चारशे मीटर, त्यातले शेवटचे पाचशे मीटर उभी चढण. पहिल्या वळणावर ट्यूबावाल्याचा सूर फाटला. मी मागून त्याच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि ढकलत नेलं. एकशे दहा किलोचा माणूस, वर नऊ किलोचं पितळ. आयुष्यभर मी कागदाची रिमं उचलली, पण इतकं वाजणारं ओझं कधी ढकललं नव्हतं. मीही हसत होतो, दम लागेपर्यंत. प्यायलो नव्हतो.

फाटकाशी कालिना उभी होती. हिरवा झगा. शेजारी तिला न्यायला आलेला मुलगा, कोटाच्या बाह्या लांब. दहा-बारा पाहुणे. सगळे खाली रस्त्याकडे बघत होते, की हा बँड कुणाकडे चाललाय.

"आई!" कालिना म्हणाली. "हे काय?"

"अकरा आजोबा होते," बिस्त्रा म्हणाली. तिला याहून जास्त दम नव्हता.

सासूने तांब्याचं भांडं तिच्या हातात दिलं. "सहाला येते म्हणाली होतीस. सहा वाजून बारा झालेत."

"आई, नंतर बोला."

"बोलणारच आहे. स्टेपलर खाली ठेव आधी. स्टेपलर धरून कोणी पाणी ओततं?"

स्टेपलर मी घेतला. बिस्त्राने भांडं दोन्ही हातांनी धरलं. तिने मुलीच्या पायापुढे पाणी ओतलं, एका सरळ रेषेत, फाटकापासून रस्त्यापर्यंत, थेंब इकडे तिकडे नाही. घराघरांतले पेले पोटात होते, तरीही. कालिनाने झगा उचलला आणि पाण्यावरून चालत गेली. मग मागे आली, आईला मिठी मारली, म्हणाली, "तुला वास येतोय," आणि पळत गाडीत बसली. आलिपी गाडी वळणाआड जाईपर्यंत वाजवत होता. घड्याळ बघत होता, तरी वाजवत होता.

मे महिन्याचा पगार, पाचशे चाळीस लेव्ह. त्यातून हिवाळ्याची लाकडं यायची होती. त्यातून दोन ट्रंपेट, एक क्लॅरिनेट, एक ट्यूबा, एक ढोल आले, बाजारचौकापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत, अठरा मिनिटं.